जयंतीचे रक्त आणि मेमधली मुलगी

14 एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांतून किती रक्त जमा होते, याची बेरीज कोणी केली तर आपली मान उंचावेल. मंडपाच्या एका बाजूला मिरवणुकीची तयारी, दुसऱ्या बाजूला ओळीने मांडलेल्या खाटा, दंडाला पट्टा बांधलेली पोरे आणि प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचा फोटो. परिचारिका म्हणून आम्ही अशा शिबिरांत सुया टोचल्या आहेत आणि आता कार्यकर्ते म्हणून शिबिरे भरवतोही. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत ते परक्याने काढलेले दोष समजू नयेत. घरातले बोलणे आहे.

आमच्या नोकरीच्या काळातली गोष्ट. मे महिन्याचा दुसरा आठवडा, लहान मुलांचा कॅन्सर वॉर्ड. सात वर्षांच्या एका मुलीच्या नाकातून येणारे रक्त थांबत नव्हते. निरोगी माणसाच्या रक्तात दीड लाखाच्या वर असणाऱ्या प्लेटलेट तिच्या रक्तात चार हजार उरल्या होत्या. रक्तपेढीत फोन केला तर उत्तर आले, प्लेटलेट नाहीत, दाता आणा. उन्हाळ्याची सुटी, कॉलेजे बंद, लोक गावी गेलेले. दर वर्षी मेमध्ये हेच होते. मुलीचे वडील बुलढाणा जिल्ह्यातले. नाकावर धरलेला कापसाचा बोळा बदलत म्हणाले, "सिस्टर, महिन्याआधी आमच्या वस्तीतच दीडशे बाटल्या निघाल्या होत्या. म्या सोता रांग लावली होती."

त्यांना काय सांगणार? लाल पेशी शीतकपाटात पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट टिकतात फक्त पाच दिवस, त्याही नेहमीच्या खोलीच्या तापमानाला आणि यंत्रावर सतत हलत्या ठेवून. 14 एप्रिलला दिलेल्या रक्तातल्या प्लेटलेट 19 एप्रिलनंतर कोणाच्याही कामाच्या राहत नाहीत. त्यातही पिशवी शिबिरातून सहा ते आठ तासांत घटक वेगळे करणाऱ्या रक्तपेढीत पोहोचली तरच प्लेटलेट काढता येतात. उन्हात मिरवणूक संपेपर्यंत मंडपात पडून राहिलेल्या पिशवीतून त्या निघत नाहीत. वडिलांनी लावलेली रांग खरी होती, तारीख चुकली होती.

त्या मुलीचा आजार उलटलेला होता, आणि या लेखाचा विषय तोच आहे. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला डॉक्टर 'ए-एल-एल' म्हणतात. हा बरा होतो. श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे चांगल्या केंद्रांतही प्रमाण त्याहून कमी आहे, पण बरी होणारी मुलेच जास्त असतात. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने दवाखान्यातले, नंतर घरी रोजच्या गोळ्या. घरच्या गोळ्यांकडे आपण जितके लक्ष देतो त्यापेक्षा खूप जास्त द्यायला हवे. मूल खेळू लागते, केस परत येतात, घरात वाटते बरे झाले, आणि गोळी आज आहे तर उद्या नाही अशी अवस्था होते. अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले की शंभरात पाचांपेक्षा जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे गोळी आईबापांच्या हलगर्जीपणाने चुकत नाही. तालुक्याला ते औषध मिळत नाही, मुंबईला जायला तिकिटाचे पैसे नसतात, सोयाबीनच्या काढणीला मजुरी बुडवता येत नाही, म्हणून चुकते. तरीही सगळ्याच मुलांचा आजार त्यामुळे उलटत नाही. गोळ्या एकही न चुकवता ज्यांचा उलटला अशी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या आया आयुष्यभर स्वतःला दोष देत बसतात. ताई, तुमचे चुकलेले नाही. काही पेशी पहिल्या दिवसापासूनच औषधाला दाद न देणाऱ्या असतात.

आजार उलटला म्हणजे सगळे संपले असे नाही. कधी उलटला आणि कुठे उलटला, यावर पुढचे ठरते. उपचार संपून सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ गेल्यावर उलटला असेल तर पुष्कळ मुले पुन्हा औषधांनीच बरी होऊ शकतात. पण निदानापासून पहिल्या दीड-दोन वर्षांतच, उपचार चालू असताना, मज्जेत तो पुन्हा दिसला तर नुसत्या केमोथेरपीवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे मूळपेशी प्रत्यारोपणाचा विचार होतो, ज्याला बोलीत आपण 'बोन मॅरो' म्हणतो. आधी औषधे देऊन आजार शक्य तितका दाबायचा, मग मोठ्या मात्रेच्या औषधांनी किंवा सर्वांगाला दिलेल्या किरणांनी मुलाची मज्जा रिकामी करायची, आणि दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी शिरेतून सोडायच्या. पाहायला ते अगदी साधे असते. एक पिशवी, एक नळी, तास-दोन तास. ऑपरेशन नाही. नातेवाईक विचारतात, "एवढेच?" एवढेच. पुढचे शंभर दिवस मात्र अवघड असतात.

सगळ्या कॅन्सरना दात्याचीच मज्जा लागते असेही नाही. न्यूरोब्लास्टोमा, उलटलेला हॉजकिन लिम्फोमा यांत मुलाच्या स्वतःच्याच मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवतात, औषधांचा जबर डोस देतात आणि त्या पेशी परत देतात. तिथे दाता शोधावा लागत नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र दात्याच्या पेशींचे काम दुहेरी असते. त्या नवे रक्त तयार करतात आणि दडून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींशी लढतातही.

भारतात हे नवे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली नऊ वर्षांच्या एका मुलीवर हे प्रत्यारोपण केले, ते देशातले पहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 1986 पासून सुरुवात केली. म्हणजे चाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या बोलण्यात यायला हवी होती. अजूनही बोन मॅरो म्हटले की लोकांना वाटते पाठीच्या कण्यातून पाणी काढतात आणि माणूस लुळा पडतो.

आता दात्याचे. मूळपेशी जुळणे रक्तगटावर ठरत नाही. 'एच-एल-ए' नावाच्या खुणा पेशींवर असतात, त्या जुळाव्या लागतात. अर्ध्या खुणा आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. रक्तगट वेगळा असला तरी चालते, आणि गंमत अशी की नंतर मुलाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो.

त्या मुलीला एक भाऊ होता आणि एकोणीस वर्षांची बहीण होती. भावाची तपासणी झाली, जुळला नाही. बहिणीची तपासणी करायला आजी तयार नव्हती. "लग्नाची पोरगी आहे. तिच्या हाडातला मगज काढला तर उद्या तिला कोण करीन?" आजीला आम्ही दोष देणार नाही, तिने जग पाहिलेले होते. पण आठ दिवस त्यात गेले. उलटलेल्या आजाराला आठ दिवस फार होतात. आजार दाबलेला असतो तेवढ्या काळातच प्रत्यारोपण करायचे असते. तो पुन्हा उसळला की आलेली संधी जाते. शेवटी आम्ही त्या मुलीला आणि आजीला रक्तपेढीत नेले आणि यंत्रावर बसलेला एक दाता दाखवला. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्याने मूळपेशी रक्तात येतात, अंग दुखते, ताप आल्यासारखे वाटते. मग दंडातून रक्त यंत्रात जाते, मूळपेशी वेगळ्या होतात, उरलेले रक्त परत शरीरात. तीन-चार तास लागतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. कण्याला कोणी हात लावत नाही. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. लग्नाला, बाळंतपणाला काही अडत नाही. बहीण जुळली. ती स्वतःच आजीला म्हणाली, "मले कोणी विचारलं का?" तिला कोणीच विचारले नव्हते, हे खरे.

एक गोष्ट या ओघात सांगून टाकतो. आमच्या वॉर्डात मुलींपेक्षा मुलांच्या खाटा नेहमी जास्त भरलेल्या असत. ल्युकेमिया मुलग्यांत थोडा जास्त होतो हे खरे, पण आम्ही पाहिलेला फरक तेवढ्याने भरून निघत नव्हता. आजार उलटल्यावर तर तो आणखी वाढायचा. दुसऱ्यांदा कर्ज काढताना घरात जे बोलणे होते ते आम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकलेले आहे. आपण बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाबद्दल सभांमध्ये बोलतो. हे बोलणेही आपल्याच घरांतले होते.

भावंड जुळले नाही तर? पूर्वी दार बंद होत असे. आता आई किंवा बाप अर्धे जुळणारे दाते म्हणून चालतात. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचे जुने, स्वस्त औषध देण्याची रीत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला बसवली गेली. त्याने दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर उलटण्याचा धोका आटोक्यात आला. आपल्यासारख्या देशाला या औषधाने फार मोठा हात दिला. तरी अर्ध्या जुळणीत संसर्गाचा धोका राहतोच, म्हणून पूर्ण जुळणारा परका दाता मिळाला तर डॉक्टरांना तोही पर्याय हवा असतो.

इथे नोंदवहीचा प्रश्न येतो. जगात चार कोटींहून जास्त लोकांनी आपली नावे मूळपेशी दाते म्हणून नोंदवली आहेत. साडेआठ कोटींच्या जर्मनीत नोंदलेले दाते एक कोटीच्या घरात आहेत. एकशे चाळीस कोटींच्या भारतात ते दहा लाखही नाहीत. 2014 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या युरोपीय वंशाच्या रुग्णाला तिथल्या नोंदवहीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के, आणि आफ्रिकन-अमेरिकन रुग्णाला 19 टक्के. कारण जुळणी बहुधा समान पूर्वज असलेल्यांत होते, आणि नोंदवहीत काळ्या लोकांची नावे कमी. त्याच वर्षी भारतीय रुग्णांबद्दलही हिशेब मांडला गेला. जगभरच्या नोंदी धरूनही शक्यता 16 टक्क्यांच्या आसपास. दहा लाख भारतीयांनी नावे नोंदवली तर ती साठाच्या आसपास जाईल.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ म्हणून जातीतल्या जातीत लग्न या प्रथेवर बोट ठेवले होते. त्या कुंपणाच्या खुणा आज आपल्या पेशींत सापडतात. एच-एल-ए जात ओळखत नाही, कोणाचा दाता कुठेही सापडू शकतो. पण शेकडो वर्षे आपापल्यात लग्ने झाल्यामुळे ठरावीक खुणा ठरावीक लोकांत जास्त आढळतात. नोंदवहीत नावे कोणाची जातात? ज्यांच्या कंपनीत, कॉलेजात, हौसिंग सोसायटीत नोंदणीचा कार्यक्रम होतो त्यांची. आपल्या वस्तीत ते टेबल येत नाही, म्हणून आपल्या मुलांना नोंदवहीत आपली माणसे सापडत नाहीत.

मग जयंतीला गालातले नमुने घेण्याचे टेबल लावावे का? गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा, काम झाले. साधारण 18 ते 50 वयाच्या निरोगी माणसाची नोंद होते. 2009 साली चेन्नईत सुरू झालेली 'दात्री' यांसारख्या नोंदणी संस्था यासाठी शिबिरे घेतात. आमचे मत, लावावे, पण घाईने नको. चारशे काड्या एका दिवसात, फोटो, बातमी, हे आम्हाला नको आहे. नोंद केलेल्या माणसाला पाच वर्षांनी फोन येतो आणि तो म्हणतो, बायको नको म्हणते. तोवर त्या मुलाच्या आईबापांना दाता सापडल्याचे सांगून झालेले असते. आणि मुलाची मज्जा रिकामी केल्यानंतर दाता मागे फिरला तर मूल वाचत नाही. म्हणून चाळीस जण नोंदवा, पण घरी बोलून आलेले, समजून आलेले.

आमचा जास्त आग्रह दुसऱ्या गोष्टीचा आहे, कारण ती आपल्या हातात आजच आहे. प्रत्यारोपण ठरत असलेल्या मुलाला आईबाप, भावंडे, काका-मामा यांचे रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत. जवळच्या नातेवाइकाचे रक्त घेतले तर मुलाचे शरीर त्या पेशींविरुद्ध तयार होऊ शकते आणि नंतर त्यांचीच मज्जा नाकारू शकते. म्हणजे ज्यांची जीव द्यायची तयारी आहे त्यांनीच रक्त द्यायचे नाही. (बदली रक्तदान म्हणून त्यांनी रक्तपेढीला दिले, ते दुसऱ्या रुग्णाला गेले, तर हरकत नाही.) मग देणार कोण? बुलढाण्याहून आलेल्या माणसाला मुंबईत ओळखीचे कोण असते? तो परळच्या फुटपाथवर बसून आल्या-गेल्याला विचारतो. आम्ही ते पाहिले आहे आणि आमच्यातल्या काहींनी ड्युटी संपल्यावर खाली उतरून त्याच्याबरोबर विचारलेही आहे.

दात्याच्या पेशी मुलाच्या मज्जेत रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर मुलाच्या अंगात स्वतःचे रक्त जवळपास तयारच होत नाही. प्लेटलेट दहा हजारांखाली गेल्या की द्याव्या लागतात, रक्तस्राव असेल तर त्याआधीच. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. ते रक्त आधी किरणांखालून काढावे लागते, नाहीतर परक्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशीच मुलावर उलटतात. यासाठी सर्वांत चांगली एकाच दात्याची प्लेटलेट, रक्तपेढीवाले जिला 'एसडीपी' म्हणतात. यंत्रावर तास-दीड तास बसायचे. एका माणसाकडून मिळते ती साधारण सहा बाटल्यांतल्या प्लेटलेटइतकी असते. रक्तदान केल्यावर पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते, प्लेटलेट मात्र दोन-तीन दिवसांनीही पुन्हा देता येते. वजन आणि शिरा मात्र चांगल्या लागतात, तपासूनच घेतात.

म्हणून आमची सूचना अशी की दीडशे जणांनी 14 एप्रिललाच खाटेवर चढू नये. त्यांतल्या तीस जणांनी त्या दिवशी द्यावे, उरलेल्यांनी नाव, रक्तगट, फोन आणि महिना लिहून द्यावा. मे, जून, दिवाळीची सुटी, हे महिने आधी भरावेत. शिबिराला येणाऱ्या रक्तपेढीला विचारावे, तुम्ही घटक वेगळे करता का, गाडी किती वाजता परत जाणार. टिफिन आणि बॅगा भेट देणाऱ्या रक्तपेढीपेक्षा या दोन प्रश्नांची नीट उत्तरे देणारी बोलवावी. मंडळाच्या पोरांना हे पटवणे सोपे नाही, हे आम्हाला माहीत आहे. शिबिराच्या बॅनरवर बाटल्यांचा आकडा लागतो. मागच्या वर्षी शेजारच्या नगरात एकशे वीस, आमच्या नगरात तीस, असे कोण लिहील?

शंभर दिवसांचे आणखी थोडे. मूल दवाखान्यातून सुटते ते घरी जाण्यासाठी नाही, दवाखान्याजवळ राहण्यासाठी. ताप आला की तासाभरात पोहोचायला हवे. पाणी उकळलेले, अन्न ताजे आणि गरम, खोलीत ओल नको, बुरशी नको, कबुतरे नकोत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि सार्वजनिक नळ असलेल्या घरी हे कसे जमणार? सेंट ज्यूड या संस्थेची मुलांसाठीची मोफत निवासस्थाने आहेत, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण खाटा कमी आणि मुले जास्त. आमच्या डोळ्यांदेखत एक अकरा वर्षांचा मुलगा प्रत्यारोपण उत्तम होऊन, पेशी रुजून, चाळिसाव्या दिवसानंतर फुफ्फुसातल्या बुरशीने गेला. भाड्याच्या खोलीच्या भिंतीला ओल होती. ओलीनेच गेला असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण ती भिंत विसरता येत नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत ज्यांच्याकडे एक कोरडी खोली रिकामी आहे, असे आपल्यातले सेवानिवृत्त अधिकारी कमी नाहीत.

पैशांचे काय? खासगी रुग्णालयात खर्च दहा-पंधरा लाखांच्या पुढे जातो, गुंतागुंत झाली तर त्याला धरबंध राहत नाही. आजार उलटला असे कळल्याच्या दिवशीच दोन कामे करा. भावंडांची आणि आईबापांची एच-एल-ए तपासणी मागा, आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. महात्मा फुले जनआरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, केंद्रीय आरोग्यमंत्र्यांचा कॅन्सर रुग्ण निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा, प्रत्येकाचे कागद वेगळे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, डॉक्टरांचे खर्चाचे पत्र. वस्तीतल्या ज्या कार्यकर्त्याला तहसील कार्यालय तोंडपाठ आहे त्याने या घराचे कागद उचलावेत. बापाला मुलाजवळ बसू द्यावे.

आणि ज्यांच्यापासून सावध राहायचे त्यांच्याबद्दल. 'स्टेम सेल' हा शब्द आता बाजारात गेला आहे. गुडघेदुखीपासून मतिमंदत्वापर्यंत सगळ्यांवर 'स्टेम सेल थेरपी' विकणारे दवाखाने निघाले आहेत. त्यांचा आणि या प्रत्यारोपणाचा संबंध नाही. बाळंतपणाच्या वेळी नाळेतले रक्त जपून ठेवा, पुढे बाळाला कॅन्सर झाला तर कामी येईल, असे सांगून हप्ते बांधणारे एजंट आमच्या वस्तीतही येऊन गेले. ज्या बाळाला ल्युकेमिया झाला त्याला त्याच्याच नाळेतल्या पेशी सहसा देत नाहीत, कारण आजाराची बीजे त्या पेशींतही असू शकतात. पैसे भरून असे नाळेतले रक्त साठवण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही करत नाही.

नवे मार्गही येत आहेत. मुलाच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचे आणि परत सोडायचे, या 'कार-टी' उपचाराने 2012 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीचा दोनदा उलटलेला ल्युकेमिया आटोक्यात आला. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाने मिळून देशी कार-टी तयार केली, एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती रुग्णांसाठी खुली झाली. पहिली मान्यता मात्र 15 वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी होती. परदेशी किमतीच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त आहे, मजुराच्या घराच्या मानाने नाही.

एक कटू गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळ्याच मुलांना प्रत्यारोपण करू नये. औषधांनी आजार दबलाच नाही, तर मज्जा बदलूनही तो बहुतेक वेळा परत येतो, आणि मूल उरलेले महिने काचेच्या खोलीत, तोंडात फोड घेऊन काढते. "मॅडम, शेत विकले आहे, आता करा" असे म्हणणारा बाप आम्ही पाहिला, आणि त्याला नाही म्हणण्याचे धैर्य न दाखवणारे डॉक्टरही पाहिले. डॉक्टरांना सरळ विचारा. आजार पूर्ण दबला आहे का? तपासणीत उरलेल्या पेशी किती दिसल्या? तुमच्या स्वतःच्या मुलाला केले असते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपले लोक बिचकतात. विचारा. आणि उत्तर नाही असे आले तर मुलाला दुखणार नाही याची औषधे मागा, मॉर्फिन मागा, घरी न्या, त्याला आवडते ते खाऊ घाला. लोक म्हणतील, उपचार सोडले. म्हणू द्या.

बुलढाण्याच्या त्या मुलीला त्या मेमध्ये प्लेटलेट मिळाल्या. पाठोपाठच्या पाळीतल्या एका वॉर्डबॉयने दिल्या, नंतर त्याच्या दोन मित्रांनी. ऑगस्टमध्ये बहिणीच्या मूळपेशी दिल्या. सर्वांगाला दिलेल्या किरणांमुळे तिची उंची खुंटली, लहानपणीचे सगळे डोस पुन्हा घ्यावे लागले, शाळेची दोन वर्षे गेली. बहिणीचे लग्न झाले, तिला एक मुलगा आहे. आजीने तो आम्हाला फोनवर दाखवला.

आमच्या महिला मंडळाने दोन वर्षांपूर्वी विहारात एक वही ठेवली. महिना, नाव, रक्तगट, फोन. पहिल्या जयंतीला त्रेचाळीस नावे आली. जूनमध्ये एका मुलासाठी 'ओ पॉझिटिव्ह' एसडीपी हवी होती, म्हणून वहीतल्या एकवीस जणांना फोन केले. सहा जणांनी उचललाच नाही, चौघे गावी होते, तिघांचे वजन कमी भरले, एकाच्या शिरा बारीक निघाल्या. सात जण पावसात लोकलने जाऊन यंत्रावर बसून आले. यंदा वहीत फोनच्या पुढे आणखी एक रकाना आखला आहे, घरच्यांचा फोन.